बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून सावरणाऱ्या मातांचा गट कसा चालवावा

नैराश्य औषधांनी किंवा समुपदेशनाने ओसरले, तरी आई आणि बाळ यांच्यातील अवघडलेपण आपोआप जातेच असे नाही, आणि त्यासाठी मातांचा गट उपयोगी पडतो. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत असा गट चालवणाऱ्या समुपदेशकाने आधी प्रत्येक मातेकडून एडिनबर्ग प्रश्नावली, म्हणजे बाळंतपणानंतरचे नैराश्य चाचपण्याची प्रश्नावली, भरून घ्यावी. तिच्यात 10 प्रश्न असतात आणि गुण 30 पैकी मोजतात. मात्र बेरीज कितीही कमी असली, तरी स्वतःला इजा करण्याविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला होकार आल्यास त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. भास होत असलेल्या मातेला गटात न बसवता तातडीने रुग्णालयात न्यावे.

पाच-सहा माता, आठवड्यातून एक बैठक, सुमारे दीड तास, एवढे पुरे. येथील कित्येक लेकी चंदगड-गडहिंग्लजकडे दिलेल्या असतात आणि माहेरचे बाळंतपण आटोपले की सासरी परततात, म्हणून परतीचा बेत पहिल्याच भेटीत विचारून बैठका आखाव्यात. कन्नड बोलणारी माता असेल, तर दोन्ही भाषा चालू द्याव्यात.

बाळाला तेल लावणे, न्हाऊ घालणे हे बहुधा आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई करते आणि आईकडे बाळ येते ते पाजण्यापुरतेच. गटात मात्र ते काम आईच्या हाती द्यावे. गोधडीवर बाळाला निजवून तिने आपला चेहरा वीतभर अंतरावर आणावा, बाळाने हुंकार दिला की तसाच हुंकार द्यावा आणि मग थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड असते. बाळाने मान वळवली, की नैराश्यातून उठलेली आई ‘मी त्याला नकोच आहे’ असा अर्थ काढते. अशा वेळी समुपदेशकाने समजावत न बसता शेजारच्या मातांना काय दिसले ते विचारावे. ‘दमलंय गं ते, माझंही असंच करतं’ हे त्यांच्या तोंडून आलेले वाक्य तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा लवकर पटते.

सासू-आईंना बोलवावे, पण पहिल्या काही बैठका झाल्यावरच, कारण त्यांच्यासमोर सुना मोकळेपणी बोलत नाहीत. सासरी निघणाऱ्या मातेच्या संमतीने तेथील आशा कार्यकर्तीला कळवावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक तिच्या मोबाईलमध्ये आपल्यासमोरच साठवून घ्यावा.