घरच्या व्हिडिओला मूकपटाचं रूप देताना या चुका टाळा

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात पाच मिनिटांचा मूकपट केला. त्यांचं लग्न कसं जमलं, त्याची गोष्ट. पहिला कट बघायला सगळे टीव्हीसमोर बसले आणि आत्या म्हणाली, "काहून रे, यात तर पाऊसच पडून राहिला!" पाऊस नव्हता, अ‍ॅपमधल्या 'ओल्ड फिल्म' फिल्टरचे ओरखडे होते ते. सगळ्यात मोठी चूक हीच.

3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये जे लोक 'राजा हरिश्चंद्र' बघायला बसले, त्यांच्यासमोर नवी प्रिंट होती. ओरखडे, डाग, उडालेल्या फ्रेम हे सगळं नंतरचं, रीळ प्रोजेक्टरमधून पुन्हा पुन्हा फिरून आलेलं. आपल्याला त्या काळाचं चित्र हवंय, त्या चित्राची झालेली नासधूस नाही. म्हणून आधी तो फिल्टर काढून टाका. मूकपटाचं रूप उजेडात, फिल्मच्या रंगांधळेपणात आणि कॅमेऱ्याच्या वेगात आहे, आणि त्यातलं बरंचसं शूटिंगच्या वेळीच आणावं लागतं.

माणसं पळत सुटतात

कॅमेरा हाताने फिरवायचे. हँडलच्या एका फेऱ्याला 8 फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे साधारण 16 फ्रेम. बोलपट आल्यावर वेग 24 वर ठरला आणि जुनी रिळं त्याच वेगाने दाखवली जाऊ लागली, म्हणून ती माणसं दीडपट वेगाने तुरुतुरु चालताना दिसतात. मूळ प्रेक्षकांनी इतकी घाई पाहिली नव्हती. तेव्हा वेग दुप्पट करू नका. 110 ते 115 टक्के पुरे.

फोन 30 फ्रेमवर शूट करतो. त्यातून 16 काढायला गेलात तर हिशेब जमत नाही आणि चाल अडखळते. 15 करा, म्हणजे दर दुसरी फ्रेम गाळायची. बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हे काम 'पोस्टराइज टाइम' किंवा 'स्टॉप मोशन' अशा नावाच्या इफेक्टने होतं. वेग आधी बदला, फ्रेम नंतर गाळा. शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणारं 'फ्रेम ब्लेंडिंग' मात्र बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक हाताला भुतासारखा दुसरा हात फुटतो.

एवढं करूनही हालचाल टोचत असेल तर दोष शटरचा. नागपूरच्या उन्हात फोन स्वतःच्या मनाने 1/2000 सेकंदाचं शटर लावतो. प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी स्पष्ट येते आणि 15 फ्रेमवर ती ठक-ठक उडते. मूकपटाच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम साधारण 1/32 सेकंद उघडी असायची, त्यामुळे हलणारा हात थोडा पुसट व्हायचा. मॅन्युअल मोडमध्ये शटर 1/30 वर बांधा. आता चित्र पांढरंफटक होईल, कारण फोनच्या लेन्सचं छिद्र सहसा लहान-मोठं करता येत नाही. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड 64 पटीने कमी करणारी काळसर काच, लेन्ससमोर लावायचा. घरात ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली पट्टे सरकताना दिसले तर 1/50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्‌झची आहे, तिच्याशी ते जुळतं.

एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, स्टॅबिलायझेशन बंद करा, फोन तिपाईवर ठेवा. झूम आणि पॅन टाळा. लेन्स दोन किंवा तीन पटीची वापरा. मुख्य वाइड लेन्सने जवळून घेतलेलं नाक मोबाइलचंच वाटतं.

काळं-पांढरं केलं, पण जुनं वाटत नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी जादू इथे आहे. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा आणि हिरवा बघायची, लाल तिला दिसतच नसे. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, तोवर निळं आकाश पांढरं यायचं आणि लाल ओठ काळे. फोनमधला 'मोनो' हा काळा-पांढरा फिल्टर असं करत नाही.

घरच्या घरी बघायचं तर ओट्यावर एक संत्रं, कुंकवाचा करंडा, विड्याचं पान आणि निळा रुमाल ठेवून व्हिडिओ घ्या. साध्या 'मोनो'मध्ये संत्रं उजळ राखाडी येतं. आता एडिटिंग सॉफ्टवेअरच्या चॅनल मिक्सरमध्ये, म्हणजे कोणता रंग किती घ्यायचा ते ठरवतो तिथे, लाल शून्य, हिरवा 60, निळा 40 करा. संत्रं काळवंडतं, कुंकू शाईसारखं काळं होतं, रुमाल उजळतो. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी मिक्सरला 'मोनोक्रोम'ची खूण केली की हे जमतं. फक्त निळ्या चॅनलवर सगळं टाकू नका. फोनच्या व्हिडिओत त्याच चॅनलमध्ये सगळ्यात जास्त नॉइज असतो, चेहऱ्यावर चौकोनी ठिपके उठतात.

या मिश्रणात आपली गव्हाळ-सावळी त्वचा जास्तच गडद होते. उपाय म्हणून चेहरा पांढरा करू नका. समोरून पांढऱ्या चादरीचा परावर्तित उजेड द्या आणि लाल लिपस्टिक पुसून टाका. आत्याचं ठसठशीत कुंकू मात्र आम्ही तसंच ठेवलं. पडद्यावर ते काळंभोर आलं आणि तिचा चेहरा जुन्या अल्बममधल्या पणजीसारखा दिसू लागला.

डोळ्यांत खड्डे

त्या काळी बहुतेक शूटिंग उन्हावर चाले. उघड्या जागेवर किंवा काचेच्या छताखाली, आणि वर पातळ पांढरं कापड ताणून ऊन मऊ करत. आपण ते कापड विसरतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, कपाळाखाली डोळे दिसेनासे होतात, आणि फोन तापून बंद पडतो तो वेगळाच. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही सूर्य 45 अंशांच्या आसपासच चढतो, तेव्हा शूट करा. गांधीबागेच्या कापडबाजारातून पांढरी मलमल आणा आणि गच्चीवर दोन दोऱ्यांना घट्ट ताणून बांधा. सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते आणि चेहऱ्यावर उजेड नाचतो. घरातला प्रसंगसुद्धा गच्चीवर दोन खुर्च्या नि एक पडदा लावून घ्या. तेव्हाही असंच करत.

सगळंच तपकिरी

पूर्ण व्हिडिओ सेपिया करणं ही फोटोच्या कागदाची सवय. मूकपटाची फिल्म रंगात बुडवायचे: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. यात उजळ भाग रंगतो आणि काळा काळाच राहतो. म्हणून रंगाच्या थराचा ब्लेंड मोड 'मल्टिप्लाय'वर ठेवा. रात्रीचा प्रसंग दिवसाच शूट करून निळा करा.

फ्रेम 4:3 ठेवा, म्हणजे 1440 बाय 1080. आयरिसचं, म्हणजे प्रसंगाच्या शेवटी मिटत जाऊन पडदा काळा करणारं वर्तुळ मऊ कडेचं असू द्या आणि ज्या चेहऱ्यावर ते मिटायचं तिथेच न्या, दरवेळी मधोमध नको. संवादाच्या पाट्यांसाठी इंग्रजी नक्षीची चौकट शोधत बसू नका. कागदावर बोरूने काळ्या शाईत लिहा, फोटो काढा, रंग उलटे करा. पाटी दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ पडद्यावर ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वाचनाच्या वेगाने. हातवारेही आवरा. प्रसंग चालू असताना खरोखर बोला, चेहरा आपोआप खरा होतो. आवाज वापरायचाच नाही, त्यामुळे कूलर खुशाल चालू राहू द्या.

संगीताला तयार पियानोचा तुकडा लावला की गोष्ट लगेच परदेशी होते. आपल्याकडे पडद्याशेजारी पेटी-तबला वाजायचा. आमच्याकडे काकांनी टीव्हीसमोर बसून, बघत बघत पेटी वाजवली आणि तेच आम्ही रेकॉर्ड केलं.

आणि तयार व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर सरळ टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतं आणि काळ्या भागात चौकोन पडतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.