दहावीनंतर शाखा निवडताना या चुका टाळा: फॉर्म भरणाऱ्याच्या खुर्चीतून

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि अडीचपर्यंत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पेढे येतात. चारच्या सुमाराला त्याच पेढेवाल्यांपैकी निम्मे परत येतात, आता चेहरे जरा वेगळे. "भावा, अठ्ठ्याऐंशी पडल्यात. कशाला घालू?" ज्याला घालायचं ते पोरगं मागं मोटारसायकलला टेकून मोबाइल बघत असतं.

मी काही समुपदेशक नाही. फॉर्म भरतो, लॅमिनेशन करतो. पण या खुर्चीत बसणाऱ्याला एक गोष्ट दिसते. अकरावीचा फॉर्म भरून गेलेलं पोरगं दोन वर्षांनी सीईटीचा फॉर्म भरायला त्याच बाकड्यावर येऊन बसतं. पहिल्या फॉर्मचं काय झालं ते तेव्हा कळतं.

टक्के बघून शाखा ठरवणं

आपल्याकडं एक न लिहिलेलं कोष्टक आहे. ऐंशीच्या वर सायन्स, साठच्या वर कॉमर्स, खाली राहिलं ते आर्ट्स. या कोष्टकाचा पायाच कच्चा आहे, कारण मार्कलिस्टवरचे टक्के सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर काढलेले असतात.

हिशोब करून बघा. एका मुलीची मार्कलिस्ट अशी होती: मराठी ९१, संस्कृत ९६, इंग्रजी ८४, सामाजिक शास्त्रे ९०, विज्ञान ७९, गणित ५८. वरच्या पाचांची बेरीज ४४०, म्हणून ८८ टक्के. गणित या टक्क्यांत धरलेलंच नाही! आणि ज्या अठ्ठ्याऐंशीच्या जोरावर वडील सायन्स म्हणत होते, त्या सायन्सला सगळ्यात आधी लागतं ते गणितच. त्या ५८ मध्येही २० गुण शाळेकडचे, अंतर्गत. ते १९ मिळालेत असं धरलं तर लेखी ८० पैकी ३९ उरतात.

म्हणून मी सांगतो, मार्कलिस्ट बाजूला ठेवा आणि सराव परीक्षेचे गणित-विज्ञानाचे पेपर आणा. शाळेतून मिळाले नाहीत तर घरची वही चालेल. त्यात किती मार्क पडले ते बघू नका, गणितं कुठं सोडलीत ते बघा. कोरी सोडलेली गणितं वेगळी आणि शेवटपर्यंत नेऊन चुकलेली वेगळी. त्या मुलीच्या भूमितीच्या पेपरात प्रमेयाच्या प्रश्नाखाली "दिलेले आहे" एवढंच लिहून पान कोरं होतं, तसं दोन ठिकाणी. सामाजिक शास्त्रांच्या पेपराला मात्र पुरवणी जोडलेली. मी तो पेपर वडिलांपुढं ठेवला, बोललो काही नाही. ते बराच वेळ पान उलटत राहिले. चुकलेलं का असेना, पण शेवटच्या ओळीपर्यंत झुंजलेलं पोरगं साठ टक्क्यांचं असलं तरी सायन्सला टिकतं, असं माझं मत आहे.

"सायन्स घेऊन ठेवूया"

जणू कळंब्याकडं प्लॉट घेऊन ठेवायचाय! यामागचं कारण अर्धं खरं आहे. बारावी सायन्सनंतर बी.ए., बी.कॉम., पाच वर्षांचं लॉ, कुठंही जाता येतं. आर्ट्स-कॉमर्सवाल्याला उलट इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा मेडिकलला येता येत नाही. एवढं बरोबर.

पण ज्यांना मुळात सायन्सकडं जायचंच नाही, त्यांनी हे दरवाजे उघडे ठेवून करायचं काय? सीएची फाउंडेशन परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर देता येते. लॉच्या सीईटीलाही शाखेची अट नाही. राज्यसेवा, यूपीएससी, बँका कोणतीही पदवी चालवून घेतात. कॉमर्स किंवा आर्ट्समध्ये जे पोरगं पुढं पळालं असतं ते दोन वर्षं क्लासची फी भरत रखडतं, आणि बारावीला पंचावन्न टक्के घेऊन शेवटी बी.कॉम.लाच जातं.

आणि सायन्सच्या आतही दरवाजे बंद होतात, ते लोकांना माहीत नसतं. ग्रुप निवडताना गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर संपलं. जीवशास्त्र सोडलं की मेडिकलची वाट गेली. फार्मसी आणि शेतीच्या पदवीला दोन्ही ग्रुप चालतात, हे मात्र बऱ्याच जणांना बारावीनंतर कळतं. गणिताची भीती वाटते म्हणून बायो घेणारे खूप. पण मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला फिजिक्स आहेच, आणि ते गणिताशिवाय सुटत नाही. उलट्या बाजूनं, इंजिनिअरिंगच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. गणित "कसंतरी काढू" म्हणून तिकडं गेलेल्यांचे निकाल मी प्रिंट काढून देतो, त्यामुळं पुढचं काही सांगत नाही.

बायफोकल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्ससारखा व्यावसायिक विषय, घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: तो २०० गुणांचा विषय, एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो. कोणता ऐच्छिक विषय जाणार ते कॉलेजात विचारून घ्या. एकानं इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, जीवशास्त्र गेलं, आणि हे त्याच्या आईला नीटचा फॉर्म भरताना माझ्या दुकानात कळलं.

भाषेचा धक्का धरलेला नसतो

हा भाग खेड्यातनं येणाऱ्यांसाठी. सेमीवाल्यांनी पुढं गेलं तरी चालेल.

भुदरगड, शाहूवाडी, गगनबावड्याकडची पूर्ण मराठी माध्यमाची हुशार पोरं कोल्हापुरात अकरावी सायन्सला येतात आणि पहिल्या महिन्यात गप्प होतात. त्यांना विषय येत असतो, शब्द येत नसतात. चाल आणि वेग यांतला फरक ज्याला झोपेत सांगता येतो, तो स्पीड आणि व्हेलॉसिटी ऐकून अडखळतो. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, आम्लारी म्हणजे बेस. वर्गात ऐंशी पोरं, सर फळ्याकडं तोंड करून, आणि विचारायची लाज.

पोरगं "मला सायन्स जमत नाही" म्हणतं आणि घरचे शाखा बदलायला निघतात. जरा थांबा. निकाल आणि अकरावी सुरू होणं यात महिना-दीड महिना सहज जातो. त्यात नववी-दहावीची इंग्रजी माध्यमाची विज्ञान-गणिताची पुस्तकं वाचायची. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवायचं आणि वहीत दोन रकाने करायचे. धडे तेच असल्यानं शब्द आपोआप जुळतात. आजऱ्याच्या एका पोरानं अशी वही केली होती. नंतर त्याच्या वर्गातल्या अकरा जणांनी तिची झेरॉक्स माझ्याकडनंच काढली.

डिप्लोमा आणि आयटीआय म्हणजे "खालचं" समजणं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी. फाउंड्री आणि मशीन शॉपवर निम्मा जिल्हा जेवतो. आणि त्याच शॉपमध्ये काम करणारा बाप काउंटरवर म्हणतो, "आयटीआय नको, आमचं झालं तेवढं बास."

पोराचा हात यंत्रात चालत असेल तर साधी बेरीज करा. बारावी दोन आणि इंजिनिअरिंग चार, झाली सहा वर्षं. दहावीनंतर डिप्लोमा तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, तीही सहाच. दुसऱ्या वाटेत मध्ये एक थांबा आहे. तीन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो, घरची अडचण आली तर नोकरीला लागता येतं. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, बारावीनंतरच्या सीईटीची गरज पडत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड झालेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

तोटाही सांगतो. डिप्लोमाला गेलं की मेडिकल विसरायचं. आणि पहिल्याच वर्षाचं गणित बऱ्यापैकी अवघड असतं, त्यामुळं "अभ्यास नको म्हणून डिप्लोमा" म्हणणाऱ्यानं तिकडं जाऊ नये. विद्यानगरच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा आणि कळंबा रोडच्या आयटीआयचा प्रवेश अकरावीच्या पोर्टलवर होत नाही. तिन्हीकडचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात आणि तारखा एकमेकींत घुसतात. अकरावीची यादी लागेपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांची डिप्लोमाची तारीख हमखास निघून जाते.

कॉमर्सवाल्यांना एकच

गणित की एस. पी. (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस), हा प्रश्न मैत्रिणीला विचारून सोडवू नका. सीए डोक्यात असेल तर गणित घ्या. फाउंडेशनच्या चारपैकी एक पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे.

पसंतीक्रम: माझ्या हातची चूक

२०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. दहापर्यंत कॉलेजं पसंतीनं लावता येतात. त्यातला खटका असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

त्या वर्षी एक वडील कागदावर क्रम लिहून घेऊन आले. पोरगं क्लासला गेलं होतं. मी कागद बघून टाइप केलं, ओटीपी त्यांनी सांगितला, फॉर्म लॉक. यादी लागली, पहिल्या पसंतीचं सायन्स मिळालं, वडील खूश. संध्याकाळी पोरगं एकटं आलं. "काका, मी तीन नंबरचं कॉमर्स वर लिवलं होतं. पप्पांनी कागद बदलला." माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पोराला न विचारता बटण दाबलं होतं, हे खरं.

तेव्हापासून दुकानात नियम आहे. लॉक करायच्या आधी मसुद्याचा प्रिंट काढायचा आणि तो पोरानं किंवा पोरीनं मोठ्यानं वाचायचा: शाखा, माध्यम, विषय, कॉलेज. गंमत म्हणजे वाचतानाच निम्म्या चुका सापडतात, आणि काही वेळा भांडणंही तिथंच होतात. होऊ देत.

क्रम लावताना जाण्यायेण्याचा रस्ता धरा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, पण पास असून गाडी वेळेवर असतेच असं नाही. आणि जुलै-ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते, तेव्हा पन्हाळ्याकडच्या बऱ्याच गावांचे रस्ते बंद होतात. ज्यांचं कॉलेज पाण्याच्या पलीकडं आहे त्यांनी शहरात नातेवाइकाकडं किंवा वसतिगृहात सोय बघूनच वरचं नाव लावावं.

फी ऐकून मुलीचा फॉर्म मागं घेणं

२०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे. म्हणजे "तिला इंजिनिअरिंग परवडणार नाही" म्हणून दहावीलाच सायन्स नाकारू नका. मात्र त्यासाठी कागद लागतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी हे बारावीच्या मे महिन्यात सुरू करायचं काम नाही. पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच टाका.

चूक झालीच असेल तर

पहिल्या घटक चाचणीत सगळेच विषय आपटले असतील तर आधी भाषेचा धक्का आहे का ते बघा, उपाय वर सांगितलाय. फक्त गणित-फिजिक्स आपटलं आणि भाषा, जीवशास्त्र बरं असेल, तर ग्रुप बदलता येतो का ते कॉलेजात विचारा. कशातच मन नसेल तर शाखा बदलण्यासाठी प्राचार्यांना दिवाळीच्या आधी भेटा. कॉमर्स-आर्ट्सची जागा रिकामी असेल तोवर बोलणी होतात, उशीर झाला की हजेरी आणि बोर्डाची नोंदणी आडवी येते.

बारावी सायन्स पास झालंय पण सीईटीत काही हाती लागलं नाही, त्यांना डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष खुलं आहे. म्हणजे दोन वर्षं पूर्ण वाया जात नाहीत, फार तर एक जातं. रिपीट करायचं असेल तर मार्क किती कमी पडले ते बघण्याआधी पोराला एकट्याला विचारा, वडिलांना टपरीवर चहाला पाठवून. मी तसंच करतो. ते कॉमर्सचं स्वप्न बघणारं पोरगं डिसेंबरात पुन्हा आलं होतं, या वेळी वडिलांना सोबत घेऊन. प्राचार्यांच्या नावे अर्ज टाइप करायचा होता. मजकूर पोरानं सांगितला, मी टाइप केला, आणि प्रिंट वाचायला वडिलांच्या हातात दिला.