गॅस, गिझर, चूल की सोलर? तुलना करताना या चुका टाळा

गोव्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात माणसं जमली की हा विषय निघतोच, वीज स्वस्त की गॅस, आणि कोण सिलिंडरचा भाव सांगतो, कोण महिन्याचं वीजबिल. पहिली चूक इथेच होते. सिलिंडर आणि बिल एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही, काम एकच धरा आणि त्याला काय लागतं ते बघा.

आंघोळीची बादली घ्या. 20 लिटर पाणी 27 अंशावरून 42 वर न्यायला साधारण 0.35 युनिट (वीजबिलातलं तेच युनिट) उष्णता लागते. विजेच्या गिझरला जवळपास तेवढीच वीज पुरते (दिवसभर चालू ठेवून विसरलात तर गोष्ट वेगळी), गॅस गिझरला साधारण 35 ग्रॅम गॅस, आणि न्हाणीतल्या चुलीवर भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) ठेवलं तर अर्धा ते पाऊण किलो सुकी लाकडं, कारण बरीचशी उष्णता धुरातून निघून जाते. पावसात ओली चुडतां (माडाच्या झावळ्या), सोडणां (नारळाची सालं) घातली तर आणखी. ती माडाखालची फुकट असतात हे खरं, पण धूर घरातल्या बायकाच खातात, तो कोणी हिशोबात धरत नाही.

आता 14.2 किलोच्या सिलिंडरात अशा चारशेएक बादल्या होतात, विजेवर त्यांना 140 युनिट. म्हणून सिलिंडरच्या भावाला 140 ने भागा, युनिट त्याहून महाग पडत असेल तर गॅस परवडतो. फक्त युनिटचा दर सरासरीने काढू नका! बिल स्लॅबमध्ये असतं, गिझरची युनिटं वरच्या महाग स्लॅबमध्ये जाऊन बसतात.

"वीज स्वच्छ" असं सरसकट म्हणणंही चूक. धूर आपल्याला दिसत नाही एवढंच, गोव्याची वीज बहुतेक बाहेरून येते, त्यात कोरबा, विंध्याचलसारखी कोळशावरची केंद्रं आहेत. देशाची सरासरी धरली तर गिझरच्या एका बादलीमागे पाव किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, गॅसवर शंभरेक ग्रॅम. छपरावर सोलर वॉटर हीटर असेल तर वीज आणि गॅस दोन्ही वाचतं, ढगाळ दिवस सोडून.

सोलर पॅनेलबाबत लोक किलोवॅट आणि युनिट यांचा घोळ घालतात. 2 किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की 1 युनिट. 1 किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 4च्या आसपास युनिट देतं, म्हणजे 3 किलोवॅटला 12, पण जून-जुलैत त्याच्या निम्मंसुद्धा मिळेलच असं नाही. त्यामुळे एप्रिल महिन्याचा आकडा बारा महिन्यांनी गुणू नका, वर्षाचा मागा. माडाची सावली बघा, साध्या जोडणीत एका पॅनेलवर पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन खाली येऊ शकतं. पीएम सूर्यघर या छपरावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या योजनेची 78,000 रुपयांपर्यंतची सबसिडी बघून घाईत सही करणारे पुष्कळ आहेत.

आणि सगळ्यात जास्त फसगत कुठे होते सांगू, पावसात लाईट गेली की सोलर चालेल असं वाटतं. साधं ऑन-ग्रिड सोलर (बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनला जोडलेलं) लाईट गेल्यावर आपोआप बंद होतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल. अंधारात पंखा हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) लागतो, खर्च बराच वाढतो. कोटेशन घेतानाच विचारा, लाईट गेल्यावर कुठले पॉईंट चालणार, किती तास, आणि ते कागदावर लिहून घ्या.