खिडकीवर काय सांगायचं

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात माझा शिवणक्लास आहे. काज-बटण शिकायला आलेल्या मुली दुसरंही विचारतात, पाळीचं, संबंधाचं, दिवस गेल्याचं, तेही मशीन चालू ठेवून, म्हणजे शेजारी ऐकू जात नाही. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

सरकारी दवाखान्यात खरी धास्ती पर्चीच्या खिडकीची. एकीला घेऊन गेले तर आतल्या बाबूने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "क्या तकलीफ है? शादी हुई?" पोरगी पर्ची न घेताच फिरली. तेव्हापासून दोन शब्द पाठ करून घेते: "उमंग क्लिनिक." राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला, 10 ते 19 वयासाठी, त्याच्या केंद्रांना आपल्या मध्य प्रदेशात हे नाव आहे. वय जास्त असेल तर "महिला रोग" म्हणा. बाकीचं सगळं आत, काउन्सेलरताईला.

शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या, ऐनवेळी आठवत नाही. आमच्याकडे मुली ती मापाच्या वहीत लिहितात. छाती-कंबरेच्या आकड्यांत कुणाच्या लक्षात येत नाही.

संबंध आला आणि काळजी घेतली नव्हती, तर तातडीची गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. आशाताईकडे मिळते, मेडिकलवर चिठ्ठीशिवायही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. दिवस आधीच गेले असतील तर तिचा उपयोग नाही. पाडायचं किट मात्र परस्पर आणू नका, गर्भ नळीत असला तर जिवावर बेततं.

अठरा पूर्ण असतील तर गर्भपाताला फक्त तुमची सही लागते. नवऱ्याची नाही, आईची नाही. लग्न झालेलं नसलं तरी चालतं. अठराच्या आत पालकाची सही लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावंही लागतं. इथे मशीन थांबतं. मग पुढचं सांगते: 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की संबंध आपखुशीचा असेल आणि मुलीने व पालकाने विनंती केली, तर कळवताना तिचं नाव द्यायची डॉक्टरांवर सक्ती नाही. एवढ्या भीतीपायी महिने घालवू नका.

मुलगे विचारत नाहीत, बहिणीला पाठवतात. त्यांच्यासाठी: निरोध सरकारी दवाखान्यात फुकट, एचआयव्हीची तपासणीही फुकट, त्याबद्दल विचारायचा फोन 1097.

सोबत कुणी नसेल तर आदल्या दिवशी सांगा. सोमवारी क्लास बंद असतो, मी येते.