कचरागाडी यायच्या आधी: घरातली माहिती घरातच कशी ठेवावी

इंदुरात सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की अख्खी गल्ली डबे घेऊन दारात येते. ओला, सुका, प्लास्टिक असा सहा प्रकारांत कचरा वेगळा करायची सवय आता हाताला लागली आहे. त्याचा एक तोटा मात्र कोणी बोलत नाही. पूर्वी कुरिअरच्या पाकिटावरची चिठ्ठी भाजीच्या सालांत सडून जायची. आता ती कोरडी, स्वच्छ, सहज वाचता येईल अशी गाडीत पडते. तिच्यावर नाव, घर नंबर, मोबाइल नंबर सगळं असतं. म्हणून सुरुवात डब्यापासूनच करू.

पाकीट फोडलं की चिठ्ठी नखाने घासून पाहा. काळी रेघ उमटली तर कागद थर्मल आहे, म्हणजे उष्णतेने काळा पडणारा. ती सोलून जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. अक्षरं काळ्यात बुडून जातात. प्लास्टिकच्या पिशवीला चिकटलेल्या चिठ्ठीवर मात्र इस्त्री लावू नका, पिशवी वितळून इस्त्रीलाच बसेल. चिठ्ठी साध्या छपाईची असेल तर नाव-पत्त्याचा भाग फाडून पाण्यात भिजवा आणि लगदा होईपर्यंत चुरगाळा. तपासणीचे जुने रिपोर्ट आणि बँकेचे कागद यांनाही हाच न्याय.

यापुढचं काम आधारचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण आपण आधारची झेरॉक्स प्रसादासारखी वाटतो. आधारच्या संकेतस्थळावर आपला नंबर आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’ हा पर्याय दिसतो. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार तेवढे दिसतात. पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष टाकायचं. म्हणजे हा पासवर्ड तुमचं नाव आणि जन्मवर्ष ठाऊक असलेल्या कोणालाही जमेल, त्याच्या भरवशावर फाइल कुठेही पाठवू नका. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख, आणि सही. फोटो आणि आकड्यांवरून रेघ जाईल असं लिहा, कोपऱ्यात नको. कोपरा कापून टाकता येतो.

मी स्वतः या बाबतीत एकदा फसले. घाईत झेरॉक्सच्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवलं, प्रिंट घेतली, पैसे दिले आणि निघाले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तर माझं आधार त्याच्या डेस्कटॉपवर तसंच, शेजारी कोणाची तरी दहावीची मार्कशीट. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, पण त्या डेस्कटॉपपर्यंत तो निकाल पोचला नव्हता. तेव्हापासून मी पेन ड्राइव्ह नेते. पाठवावंच लागलं तर काउंटरवरून हलत नाही: “भैया, फाइल डिलीट कर दो, रिसायकल बिनसे भी.” तिथल्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर बाहेर पडण्याआधी फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन लॉग आउट करा.

आधारशी जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावरही पैसे काढता येतात. त्यामुळे आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवणं शहाणपणाचं. रेशनच्या दुकानात ठसा लागणार असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आधी समजावून ठेवा, नाहीतर दुकानात ठसा जुळला नाही की ते बिचारे बोटंच धूत बसतात.

दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागतात. द्यायलाच हवा असं नाही. २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना यासाठी अडवणूक करू नका असं सांगितलं आहे. “नंबर नाही देत, बिल कागदावर द्या,” एवढं पुरतं.

घरासमोर कॅमेरा लावला असेल तर दोन गोष्टी पाहा. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि कॅमेऱ्यात समोरच्या काकूंचा ओटा किंवा खिडकी येत असेल तर कोन खाली करा. आपल्या फाटकापुरतं दिसलं तरी काम भागतं. खिडकीचंही एक गणित आहे: ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते. जाळीचा पडदा दुपारी झाकतो, पण संध्याकाळी आत दिवा लागला की रस्त्यावरून सगळं दिसतं. त्यासाठी मागे जाड पडदा हवाच.

उरलं दार. सर्वेक्षणाच्या नावाने कोणी आलं की सासूबाई पाणी विचारतात आणि बोलता बोलता मुलगा पुण्यात, सूनबाई सहाला येते, हेही सांगून मोकळ्या होतात. त्यांना रागावून उपयोग नाही. मी त्यांना एकच वाक्य दिलं: “सूनबाईला विचारून सांगते.” त्यात उद्धटपणा नाही आणि घरी एकट्या आहोत हेही कळत नाही.

गावाला जाताना दुधवाल्यासाठी दारावर ‘५ तारखेपर्यंत दूध नको’ असा कागद चिकटवू नका, त्याला फोन करा. पेपरही बंद करा, फाटकात साठलेले अंक दुरून दिसतात. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली नको, ती जागा सगळ्यांना ठाऊक आहे. एका शेजाऱ्याच्या हातात द्या. अवंतिका एक्स्प्रेसच्या तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकू नका, पीएनआरवरून तारीख, डबा आणि बर्थ कोणालाही कळतो. मुंबईचे फोटो परत आल्यावर टाका, पोहे-जिलेबी खाता खाता.