जुनी वजने आणि तराजू परदेशी पाठवायचे असतील तर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भंगारवाल्याने पसरलेल्या गोणपाटावर आजही कधीतरी ओतीव लोखंडाचे एखादे जुने वजन हाती लागते. अशी वजने, पितळी मापे आणि पसरकाराच्या दुकानातील तराजू मी अनेक वर्षे जमवीत आलो आहे, आणि लिस्बनमधील एका संग्राहकाशी त्यांची अदलाबदलही करतो. या छंदाची अडचण अशी की वस्तू तळहातावर मावते, पण ती परदेशी पाठविण्याचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. तो खर्च कसा आवरावा आणि सीमाशुल्काचा अर्ज कसा भरावा, हे अनुभवाने जे कळले ते येथे मांडतो.

सर्वांत आधी वस्तूचे वय पाहावे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. तिची किंमत चारशे रुपये असो वा चार लाख. या बाबतीत ओतीव लोखंडाची वजने संग्राहकाला मोठी मदत करतात. वजन उलटे केले की तळाशी शिसे भरलेले एक भोक दिसते. वजन अचूक जुळविण्यासाठी ते शिसे भरलेले असते, आणि वजनमापे खात्याचा निरीक्षक तपासणीनंतर त्यावरच शिक्का मारतो. जुन्या टूथब्रशने माती झाडून, तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहिले की शिक्क्यातील वर्षाचे आकडे बहुधा वाचता येतात. शिक्का तपासणीचा असतो, घडणीचा नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरीही भारतीय किलोग्रॅमची वजने १९५८ नंतरच चलनात आली असल्यामुळे शिक्का आणि एकक ही दोन्ही जुळली तर वयाविषयी शंका उरत नाही. त्या शिक्क्याचे जवळून छायाचित्र काढून त्याची प्रत कागदपत्रांसोबत ठेवावी. शेर, पायली किंवा कुडव अशा मापांच्या बाबतीत मात्र वय सहज ठरत नाही. तेथे अंदाजावर न जाता जुन्या गोव्यातील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करावी, आणि वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत ती घरीच ठेवावी.

आता खर्चाकडे वळू. भारतीय टपालाची परदेशी जाणाऱ्या लहान पाकिटाची सेवा जानेवारी २०२६ पासून बंद झाली; तिची मर्यादा दोन किलोची असे, आणि ती खोका, कागद व चिकटपट्टी धरून मोजली जाई. त्यामुळे दोन किलोचे वजन लहान पाकिटातून कधीच जात नसे; एक किलो आणि अर्धा किलो अशी जोडी मात्र चारशे ग्रॅमच्या वेष्टनासह आरामात बसे. त्याहून जड वस्तूंसाठी पार्सल करावे लागते. पार्सलच्या दरात वजनाच्या पहिल्या टप्प्याचे शुल्क जास्त आणि पुढील टप्प्यांचे त्या मानाने कमी असते, म्हणून पाच किलोची दोन पार्सले करण्यापेक्षा दहा किलोचे एकच पार्सल सहसा स्वस्त पडते. प्रत्येक देशासाठी हा हिशेब वेगळा असतो, तेव्हा दोन्ही पर्याय खिडकीवर विचारूनच पैसे भरावेत.

खासगी कुरियरचा हिशेब आणखी वेगळा असतो, आणि जड वस्तूंच्या संग्राहकाने तो नीट समजून घेतला तर त्याचा फायदाच होतो. कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार बहुधा ५००० ने भागतात. त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. हे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक असेल त्याचे पैसे घेतले जातात. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४० सेंटीमीटर असलेल्या खोक्याचे व्हॉल्युमेट्रिक वजन १२.८ किलो येते. त्यात पंधरा किलो लोखंड असेल तर पैसे पंधरा किलोचेच द्यावे लागतात, म्हणजे खोक्यातील रिकाम्या जागेसाठी वेगळे काही पडत नाही. तराजूची पोकळ पारडी, साखळ्या, लाकडी मापांसारख्या जागा खाणाऱ्या पण हलक्या वस्तू याच खोक्यात घातल्या तर त्यांच्या वजनापुरतेच पैसे वाढतात. त्याच वस्तू स्वतंत्र खोक्यात पाठविल्या असत्या तर त्यांच्या आकाराचे पैसे मोजावे लागले असते.

शंभर किलोंच्या पुढे माल असेल तर समुद्रमार्गाचा विचार करावा. दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये जाणाऱ्या सुट्या मालाचा दर एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे अधिक त्यावर ठरतो, त्यामुळे लोखंडासारख्या घट्ट मालाला तो फार अनुकूल असतो. मात्र किमान शुल्क भरावेच लागते, आणि पोहोचल्यावरचा बंदराचा व हाताळणीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी येतो. एजंटकडून दोन्ही टोकांचा खर्च लेखी घेतल्याशिवाय माल देऊ नये.

बांधणीत कसूर केली तर बाकी सारे वाया जाते. प्रत्येक वजन स्वतंत्र गुंडाळावे, मजबूत आतील खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून हलणार नाही असे बसवावे, आणि ते खोके दुसऱ्या खोक्यात ठेवावे. थर्मोकोलचे दाणे जड वस्तूखाली दबून तळाला जातात, म्हणून ते टाळावेत. आपल्याकडे भाताचा पेंढा आणि नारळाची सोडणे हाताशी असतात, पण ती खोक्यात मुळीच घालू नयेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा वनस्पतिजन्य भरावावरून आणि खाचांत राहिलेल्या मातीवरूनही पार्सल अडते. लाकडी पेटी करायची असल्यास प्लायवूडची करावी, कारण साध्या लाकडाला उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. पावसाळ्यात लोखंडाला मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

अर्जाच्या बाबतीत माझी एक चूक सांगतो. पहिल्या पार्सलवर वस्तूच्या वर्णनात मी इंग्रजीत नुसते ‘वेट, ५ केजी’ असे लिहिले. वाचणाऱ्याला ते पार्सलचे वजन वाटले, म्हणजे त्याच्या दृष्टीने वर्णनाचा रकाना रिकामाच राहिला. क्ष-किरण यंत्रात लोखंड आणि शिसे काळ्या गोळ्यासारखे दिसतात, त्यामुळे पार्सल उघडले गेले आणि कित्येक आठवडे पडून राहिले. तेव्हापासून मी ‘युज्ड कास्ट आयर्न वेट फॉर शॉप बॅलन्स, कलेक्टर्स आयटम, नॉट फॉर यूज इन ट्रेड’ असे संपूर्ण लिहितो, पुढे नगांची संख्या, प्रत्येकाचे निव्वळ वजन, मूल्य आणि मूळ देश देतो, आणि खोक्यात सर्वांत वर वस्तूंची यादी व छायाचित्र ठेवतो.

लहान पाकिटाला सामान्यतः सीएन २२ हा सीमाशुल्काचा अर्ज लागे. मूल्य ३०० एसडीआरच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककाच्या) वर गेले की, आणि पार्सलला, सविस्तर सीएन २३ लागतो. दोन्ही इंग्रजीत भरावेत. वजनांसाठी मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा सहा अंकी एचएस कोड ८४२३.९० आहे, आणि युरोपीय संघात जाणाऱ्या पार्सलसाठी तो आवर्जून द्यावा. अदलाबदलीच्या वस्तूवर मात्र ‘गिफ्ट’ची खूण करू नये. युरोपीय संघात ४५ युरोपर्यंतची आणि ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतची करसवलत मोबदल्याविना दिलेल्या खऱ्या भेटीलाच आहे. अदलाबदल असेल तर ‘इतर’ अशी खूण करून तसे स्पष्ट लिहावे आणि वस्तूचे बाजारमूल्य द्यावे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली असल्यामुळे तेथील मित्राला शुल्काची कल्पना आधीच द्यावी. नियमित विक्री करणाऱ्याने निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा, क्रमांक घ्यावा. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे.

पार्सल पोहोचले नाही तर त्याचे काय करावे, हाही एक रकाना पार्सलच्या कागदांत असतो, आणि घाईत तो बहुतेक जण तसाच सोडतात. जड पार्सल परत येण्याचा खर्च पाठविणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून वस्तू दुर्मिळ असेल तरच ‘परत पाठवा’ अशी खूण करावी, आणि साध्या वजनांसाठी घेणाऱ्याशी आधी बोलून ‘सोडून दिले’ हा पर्याय निवडावा.