कॉर्नवॉलमधलं जोडपं: आईच्या माहेरच्या आडनावावरून लग्नापर्यंत

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पूर्वज शोधताना रेडरुथ, कॅमबोर्न या खाणींच्या भागात ‘जॉन विल्यम्स आणि मेरी’ अशी कितीतरी जोडपी सापडतात. त्यातलं आपलं कोणतं? आईचं माहेरचं आडनाव मिळालं की गुंता सुटतो.

१. १८५१ च्या जनगणनेतून मुलांची नावं, वयं आणि जन्माचं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) टिपा. १८४१ ची जनगणना इथे फारशी कामाची नाही. त्यात नाती लिहिलेली नाहीत आणि मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत उतरवलेली असतात.

२. जनरल रजिस्टर ऑफिस या इंग्लंडच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन जन्मसूचीत मूल शोधा. खातं फुकट असतं, आणि १८३७ पासूनच्या नोंदींत आईचं माहेरचं आडनाव दिसतं. (फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांच्या मोफत सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं.) मुलगे आणि मुली वेगवेगळे शोधावे लागतात.

३. आता दोन्ही आडनावं घालून कॉर्नवॉल ओपीसीच्या (ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स, म्हणजे चर्चच्या वह्या उतरवून घेणारे स्वयंसेवक) मोफत डेटाबेसमध्ये लग्न शोधा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई, म्हणून शेजारची पॅरिशही पाहा. कुटुंब मेथडिस्ट या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचं असलं तरी १७५४ ते १८३७ मधलं लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्याच वहीत असतं. बाप्तिस्मा मात्र मेथडिस्ट सर्किटच्या (त्या भागातल्या मेथडिस्ट प्रार्थनागृहांच्या गटाच्या) वहीत असू शकतो. आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगंही घालून पाहा.

एकाच मुलावर थांबू नका. खाणकामगारांच्या घरात दुसरं लग्न नवलाचं नव्हतं, आणि जनगणनेतली ‘पत्नी’ मोठ्या मुलांची सावत्र आई असू शकते. प्रत्येक मुलाच्या नोंदीत आईचं आडनाव तेच आहे ना, हे पाहूनच जोडपं वंशवृक्षात लिहा.